हुतात्मा चौकाबद्दल लिहिताना

चि. मुक्ता,


मराठी विकिपीडियावरचा हुतात्मा चौकाचा लेख तू नीट करायला घेतला आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. शाळेची मुलं प्रकल्पासाठी अशीच पानं उतरवून घेतात, १ मेच्या भाषणांची टिपणंही त्यांवरूनच निघतात. तिथे राहिलेली चूक वर्षानुवर्षं फिरत राहते. म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो.

आधी दोन वास्तू वेगळ्या कर. फ्लोरा फाउंटन हे कारंजं इंग्रजी अमदानीतलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचं आणि दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. त्याच्या शेजारी मशाल धरून शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते हुतात्मा स्मारक १९६१ सालचं, म्हणजे राज्य स्थापन झाल्यानंतरचं. माहितीचौकटीत साल एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नकोस. फोटो स्वतः जाऊन काढ. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं छायाचित्र प्रसिद्ध करायला आपला कॉपीराइट कायदा मुभा देतो.

आता आकड्याबद्दल. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, त्यात १५ जणांचा जीव गेला. हुतात्म्यांची एकूण संख्या मात्र कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ अशी छापलेली सापडते. ही संख्या संयुक्त महाराष्ट्राच्या सगळ्या लढ्याची आहे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, त्यानंतर शहरात ठिकठिकाणी झालेल्या गोळीबारात गेलेले लोक त्यात आहेत, बेळगाव-निपाणीकडचेही आहेत. ‘या चौकात १०५ जणांनी प्राण दिले’ असं वाक्य दिसलं की लगेच दुरुस्त कर. तीन आकड्यांपैकी आपल्या मनाला पटेल तो निवडू नकोस. कोणता आकडा कोणत्या पुस्तकात, कोणत्या यादीत आहे, ते संदर्भासह लिही आणि तिन्ही राहू दे. इथे एकाचा फरक म्हणजे एक माणूस आणि त्याचं घरदार असतं.

आजोबा त्या मोर्चात होते. त्यांनी सांगितलेलं आपल्यासाठी खरंच आहे, पण ज्ञानकोशाला कुणालाही उघडून तपासता येईल असा छापील आधार लागतो. त्यांच्या आठवणींवरून कोणत्या तारखेचे अंक चाळायचे ते ठरव आणि जुन्या दैनिकांच्या फायली असलेलं ग्रंथालय गाठ. तारखा डोळ्यांत तेल घालून पाहा. अत्र्यांचं ‘मराठा’ दैनिक १५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झालं. त्यामुळे त्याआधीच्या वर्षातल्या गोळीबाराच्या ताज्या बातमीला कुणी ‘मराठा’चा दाखला जोडला असेल, तर तो टिकणार नाही.

लिहिताना हात आवर. ‘अमर’, ‘तेजस्वी’, ‘नराधम’ ही विशेषणं सभेत शोभतात, ज्ञानकोशात नाही. तारीख, जागा, मृतांची संख्या आणि मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते ही नोंद, एवढं संदर्भासह समोर ठेवलंस की वाचक आपला निर्णय आपण करतो. कुणी तुझा बदल उलटवला तर चिडू नकोस. चर्चा पानावर पुरावा मांड आणि समोरच्याचा पुरावा सरस असेल तर तो घे.

त्या माणसांसाठी आज आपल्या हातात एकच गोष्ट आहे. प्रत्येकाचं नाव, गाव आणि मृत्यूची तारीख बिनचूक लिहिणं. तेवढं मनापासून कर.

तुझा,
मामा