हट्ट नव्हता तो

पोरगं चार वर्षांचं. बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम. मी सूतगिरणीतला गडी. शब्द कागदावर उतरून घेतला.

आठ-आठ दिवस हगायचं नाही. चाळीच्या संडासात बादल्यांचा खणखणाट, बाहेरून दारावर थापा. पोरगं कानांवर हात दाबून, पाय आवळून उभं. मी रट्टे घातले. कविता लिहिणाऱ्या याच हातानं.

मग चड्डीत पातळ डाग. आई म्हणाली, हगवण लागली, बंद व्हायचं औषध आण. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. आत खडा अडकलेला, पातळ त्याच्या कडेनं झिरपत होतं. दुखतं म्हणून पोरगं धरून ठेवतं. धरलं की खडा आणखी कडक, मग आणखी दुखणं.

बाईंनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड दिली. सांगितलेल्या मापानं रोज पाण्यातून. महिने लागतात, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. जेवण झालं की घरातच, आज्जीच्या कमोडच्या खुर्चीवर पाच मिनिटं, पायाखाली पाट. रोज वेळ तीच. मारायचं नाही.

काल त्यानं आपणहून पाट ओढत आणला.

दोस्तांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्या दुखण्याला हट्ट म्हणणारे आपण कोण? आपल्यालाही हेच म्हणत आलेत ना?