बर्डीच्या टेकडीवर मुलांना न्या!

मैत्रिणींनो, बर्डीवर साड्या-चादरी घ्यायला आपण किती वेळा जातो! पण तिथल्या टेकडीकडे मान वर करून कधी पाहिलंत? आम्ही सदरला राहतो, तरी सीताबर्डीचा किल्ला लांबूनच ठाऊक. तो लष्कराच्या ताब्यात. राष्ट्रीय सणांना लोकांसाठी उघडतात. यंदा २६ जानेवारीला मुलांना घेऊन गेलो.

हा किल्ला लढाईनंतरचा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथं तोफा सुरू झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी थांबल्या. अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांच्या कितीतरी पट होतं. त्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा, पण अखेर सरशी इंग्रजांचीच झाली.

“इंग्रज तर थोडे होते ना, मग जिंकले कसे?” धाकट्यानं विचारलं. मी म्हटलं, “बाळा, त्यांच्या बाजूनं लढणारे बहुतेक शिपाई मद्रास-बंगालकडचे होते.”

“म्हणजे आपलेच?”

आता काय सांगाल? शाळेत मी इतिहास शिकवते. पुस्तकात तह असतात, सनावळ्या असतात, हा प्रश्न मात्र नसतो. मी एवढंच म्हटलं, “पोटासाठी चाकरी करणारे दोन्हीकडे होते रे. त्यांच्याही घरी कुणी जेवायची खोळंबली असेल.” पोर गप्प झालं.

तुम्हीही जाऊन या. उन्हं चढायच्या आत निघा, पाणी बरोबर घ्या. अन् मुलांनी विचारलं, तर “कोण जिंकलं” एवढ्यावर थांबू नका. कोण लढलं, तेही सांगा.