अण्णांचा संगणक

संगणकाचे आयुष्य फार तर पाच-सात वर्षांचे, असे आता सर्वजण धरूनच चालतात. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हापासून तर आमच्या इंदुरातही अनेक घरांतील चालती यंत्रे माळ्यावर जाऊ लागली आहेत. त्यांची वकिली करावी एवढा माझा अधिकार नाही. मी मराठीचा एम. ए. आणि सरकारी शाळेचा मुख्याध्यापक. परंतु थोरल्या बंधूंच्या संगणकापायी माझे जे काही रविवार गेले, त्यांची हकीगत असे एखादे यंत्र जपून ठेवणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

अण्णांनी हा संगणक २००३ साली घेतला तो एका कामासाठी. आमचे पूर्वज होळकरशाहीत वाईकडून माळव्यात आले. त्यांचा कुलवृत्तान्त अण्णा आठ वर्षे रोज सकाळी स्वतः टंकलिखित करीत असत. २०११ साली ते गेले आणि काम तिथेच थांबले. पुढे पुतण्याने वहिनींना नातवंडांची छायाचित्रे पाहता यावीत म्हणून त्याच यंत्रात विंडोज ७ घातली. कुलवृत्तान्ताच्या फायली डिस्कच्या दुसऱ्या भागात सुखरूप होत्या, पण उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा दिसत. युनिकोड आपल्याकडे रुळण्यापूर्वीच्या मराठी टंकांची ही रीतच होती. इंग्रजी अक्षराच्या घरात ‘क’ची काना-मात्रा बसवलेली, तो टंक आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर सगळेच निरर्थक. आणि ते सॉफ्टवेअर प्रिंटरच्या खाचेत लावलेल्या एका लहानशा कुलुपावाचून चालत नसे. त्या कुलुपाची ओळख विंडोज एक्सपीलाच होती.

तेव्हा एक्सपीकडे परत जाणे भाग होते. सर्व फायलींची पेनड्राइव्हवर प्रत करून घेतली आणि अण्णांनी पाकिटासकट जपून ठेवलेली मूळ चकती लावली. तासाभरात जुना हिरवा माळ पडद्यावर आला. मात्र यंत्र असे काही मंदावले की विचारू नये. बाणाची खूण अडखळत सरके, खिडकी ओढली की मागे तिचे फरपटलेले ठसे राहत, आणि एक फाइल उघडेपर्यंत वहिनींचा चहा करून होई.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा माझाच जुना विद्यार्थी. त्याने पाहिले आणि म्हणाला, “सर, अब इसे छोड़ दीजिए. इसकी उमर हो गई.” वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

मला ते निदान पटले नाही. हेच यंत्र हीच कार्यप्रणाली घेऊन २००३ साली चपळपणे चालत होते. लोखंड तेच, आज्ञा त्याच; मग वेग कुठे गेला? वय हे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे असते, शाळेतही आम्ही ‘मूल मंदबुद्धी आहे’ असे म्हणून अनेकदा मोकळे होतो.

पहिले कारण लवकर सापडले. नव्याने घातलेल्या प्रणालीला यंत्राच्या अवयवांची ओळख नसते. ती करून देणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावली वेगळ्या घालाव्या लागतात. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांगच होती. मदरबोर्डबरोबर आलेल्या चकतीवरून आधी चिपसेटचा, मग चित्राचा आणि ध्वनीचा ड्रायव्हर घातला. पडद्यावरचे ठसे गेले, अक्षरे रेखीव झाली. पण फायली उघडण्याचा संथपणा तसाच राहिला.

खरी गोम पुढे होती. ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहिले तर कोणताही कार्यक्रम विशेष काही करीत नव्हता. तरी डिस्कचा दिवा लागला की श्रमाचा आलेख थेट वर चढे. डिस्कवरून मजकूर आणण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत, जिला डीएमए म्हणतात, मजकूर परभारे स्मृतीत जातो. दुसरीत, म्हणजे पीआयओमध्ये, प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून आणावा लागतो. शिपाई असताना मुख्याध्यापकानेच प्रत्येक वही कपाटातून काढून वर्गावर पोचवावी, तसा हा प्रकार. पहिलीत आमच्या डिस्कला सेकंदाला १०० एमबीपर्यंतची वाट मोकळी असते, दुसरीत फार तर १६ एमबीची. ‘प्रायमरी आयडीई चॅनल’चे पान उघडले तेव्हा तिथे पीआयओ लिहिलेले आढळले.

एक्सपीचा स्वभाव असा की डिस्कशी बोलताना एकूण सहा चुका झाल्या की ती वेग एक पायरी खाली आणते. चुका होतच राहिल्या की शेवटी पीआयओवर येऊन थांबते आणि आपण होऊन वर चढत नाही. मजकूर बिघडण्यापेक्षा उशिरा पोचलेला बरा, हा त्यामागचा विचार. मला तो आवडला. मग चुका होत होत्या कशामुळे? पेटी उघडली. डिस्कला जाणारी करड्या रंगाची चपटी पट्टी वीस वर्षे एका कोपऱ्यात दुमडलेली होती आणि त्या घडीवर तिला चीर गेली होती. जेल रोडवरच्या एका दुकानात तसलीच ऐंशी तारांची पट्टी जुन्या सामानात मिळाली. ती बसवून तो चॅनल यादीतून काढून टाकला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. प्रणालीने चॅनल नव्याने ओळखला. आता त्याच पानावर ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ असे होते. कुलवृत्तान्ताचे पहिले प्रकरण पुरते निमिषातही उघडले.

हे यंत्र मी इंटरनेटला जोडलेले नाही. एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले असल्याने तसे करणे धोक्याचे आहे, आणि आमच्या कामाला त्याची गरजही नाही. मजकूर बाहेर काढून मी घरच्या संगणकावर युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर करणारी आज्ञावली ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांत हमखास गोंधळते. जुन्या टंकात वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी नोंदलेली असते, युनिकोडला ती व्यंजनानंतर लागते. रफाराचे नेमके उलटे. म्हणून मी प्रत्येक पान छापतो आणि वहिनी चष्मा लावून मोठ्याने वाचतात.

अण्णांनी काही ठिकाणी कंस करून आत जागा कोरी सोडली आहे, बहुतेक स्त्रियांच्या माहेरच्या नावांपुढे. परवा सातव्या प्रकरणात अशीच एक जागा आली. पणजींचे नाव होते, पुढे नुसता कंस. वहिनी थांबल्या.

“भाऊजी, लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “त्या महेश्वरच्या. सासूबाई सांगत असत. ह्यांनी मला कधी विचारलेच नाही.”

अजून चार प्रकरणे व्हायची आहेत. पुढच्या रविवारी मी लवकर जाणार आहे.