उच्छ्वासाची सोय

रुग्णालयात रुग्णाच्या तोंडावर चढवला जाणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा ऑक्सिजन मास्क स्वतः फारच थोडे काम करतो, हे त्याच्याकडे पाहून सहसा लक्षात येत नाही. भिंतीतल्या नळीतून अखंड येणारा प्राणवायू, तो ओलसर करणारी पाण्याची बाटली, खोलीतली ऊब आणि मास्क सरकला की तो नीट बसवणारी परिचारिका यांच्या जिवावर तो चालतो, आणि म्हणूनच तो इतका हलका व स्वस्त राहू शकतो. आठ हजार मीटरांपलीकडच्या गिर्यारोहकासाठी मास्क घडवायचा झाला, तर यांपैकी काहीच सोबतीला नसते आणि ही सारी कामे मास्ककडे, किंवा तो वापरणाऱ्याच्या हातमोजे घातलेल्या बोटांकडे येतात.

एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेत माथ्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर भरला, तर समुद्रसपाटीला तो ७६० असतो. आत घेतलेली हवा श्वासमार्गात ओली होते आणि त्या वाफेचा दाब कोणत्याही उंचीवर ४७ मिलिमीटरच राहत असल्यामुळे, तो वजा जाता श्वासातल्या प्राणवायूच्या वाट्याला माथ्यावर जेमतेम ४३ मिलिमीटर दाब उरतो. समुद्रकाठी तोच दीडशेच्या घरात असतो. मास्कने भरून काढायची तूट ती एवढी.

रुग्णालयातला साधा मास्क ही तूट सढळ हाताने भरून काढतो. त्यात मिनिटाला निदान ५ लिटर प्राणवायू सोडावा लागतो, कारण त्याहून कमी प्रवाहात सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच साचून पुन्हा आत ओढला जातो. गिर्यारोहकाला ही चैन परवडत नाही. चार लिटर मापाच्या बाटलीत ३०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या सुमारे तीनशे पट दाबाने, भरलेला प्राणवायू मोकळा केल्यास साधारण १२०० लिटर होतो आणि मिनिटाला ५ लिटर या हिशोबाने तो चार तासांत संपतो. त्यामुळे पर्वतावर दोन ते चार लिटरांतच भागवावे लागते. सतत वाहणाऱ्या प्रवाहातला बराचसा वायू उच्छ्वासाच्या वेळी वाया जात असल्याने तो साठवून ठेवणारी एखादी पिशवी हवी असते, जेणेकरून पुढच्या श्वासाच्या आरंभी तोच आधी फुप्फुसात उतरेल आणि नुसत्या श्वासनलिकेत अडकून राहणाऱ्या शेवटच्या भागासाठी बाहेरची हवा पुरेल. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी हे काम खेळण्यातल्या फुटबॉलच्या रबरी फुग्यांनी आणि टी आकाराच्या काचेच्या नळ्यांनी साधले. उच्छ्वास टाकताना रबरी नळी दातांनी चावून बंद करायची, की प्राणवायू फुग्यात साठे. झडपेचे काम दातांवर सोपवणारी ही युक्ती ओबडधोबड वाटते खरी, पण गोठून न बसणारी झडप त्या काळी दुसरी कोणती होती, याचे उत्तर सोपे नाही.

कारण अशा मास्कचा खरा शत्रू आत येणारी थंडी नसून बाहेर पडणारा श्वास असतो. उच्छ्वासाच्या एका घनमीटर हवेत तीस ग्रॅमहून अधिक पाणी असते आणि चढणारा माणूस मिनिटाला पन्नास लिटर हवा श्वासात घेत असेल, तर तासाभरात शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी मास्कमधून जाते. उणे तीस अंशांत त्याचा थोडासा भाग जरी झडपेच्या पातळ पडद्यावर बसला, तरी ती उघडीच राहते किंवा बंदच. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या शेवटच्या धारेवर तेनसिंग यांचा श्वास जड होऊ लागला, तेव्हा हिलरी यांना त्यांच्या मास्कच्या उच्छ्वासनळीतून बर्फाच्या कांड्या लोंबताना दिसल्या. सुमारे दोन इंच व्यासाची ती नळी बर्फाने पूर्ण बुजली होती. तो बर्फ काढताच तेनसिंग यांना हायसे वाटले आणि हिलरी यांनी स्वतःची नळी तपासली, तर तीही बुजत चालली होती. या घटनेत यंत्र बिघडले आणि वाचलेही, पण ते वाचले सोबत्याच्या नजरेमुळे.

टॉम हॉर्नबाइन हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ, म्हणजे मास्क, झडपा आणि वायू यांच्याशी रोजचा संबंध असलेले डॉक्टर. १९६३ च्या अमेरिकन मोहिमेसाठी त्यांनी जो मास्क आखला, त्यात झडपांची संख्या कमीत कमी ठेवली आणि साचा एकसंध रबराचा घेतला, जेणेकरून बाहेरून मुठीत दाबला की आतला बर्फ फुटून पडावा. दुरुस्ती करणारा हात जाड मोज्यातला असेल आणि त्याला हुकूम देणारा मेंदू प्राणवायूवाचून मंदावलेला असेल, हे गृहीत धरून केलेली ही आखणी या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागते. याउलट बंद वर्तुळाची यंत्रणा, जिच्यात सोडलेला श्वास सोडा-लाइम या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनातून गाळून पुन्हा वापरला जातो, ती कागदावर कितीतरी काटकसरी ठरते आणि १९५३ मध्ये गिर्यारोहक बोर्डिलन व इव्हान्स तिच्याच बळावर एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत पोहोचलेही; परंतु तिच्यातला बिघाड माणसाला भरपूर प्राणवायूतून एकदम विरळ हवेत आणून सोडतो.

बाकीचे बदल बारीकसारीक, पण टाळता न येणारे असतात. रुग्णालयातल्या मास्कचे पीव्हीसी प्लॅस्टिक थंडीत ताठ होते, म्हणून सिलिकोन किंवा मऊ रबर घ्यावे लागते. नाकावर चिमटवायची धातूची पट्टी त्वचेला हिमदंश करते, म्हणून ती काढावी लागते. बाटलीतला प्राणवायू मात्र मुद्दाम कोरडा ठेवतात, कारण दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये वायू प्रसरण पावताना थंड होतो आणि त्यात ओल असेल तर तोच गोठतो. घशाची कोरड पाणी पिऊन भागवावी लागते. कडक झालेला जोड सैल करण्यासाठी तेल किंवा ग्रीस वापरण्याचा मोह तर सपशेल टाळायचा, कारण दाबाखालचा प्राणवायू त्यांना पेटवू शकतो.

मास्कच्या चाचणीसाठी कमी दाबाच्या कक्षात दाब मिळतो, शीतकक्षात थंडी मिळते, पण महिनाभर वाढलेली दाढी कुठल्याच कक्षात मिळत नाही. दाढीमुळे मास्कची कड चेहऱ्यापासून सुटते. नाकाशेजारच्या फटीतून निसटणारा ओला श्वास थेट गॉगलच्या काचेवर जाऊन गोठतो. दिसेनासे झाले की माणूस गॉगल काढतो आणि थोड्याच तासांत हिमांधत्वाच्या, म्हणजे अतिनील किरणांनी डोळे भाजण्याच्या, तडाख्यात सापडतो. त्यामुळे मास्क आणि गॉगल वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले असले, तरी मापे दोन्ही एकत्र चढवूनच घ्यावी लागतात, आणि काठमांडूत नीट बसलेली ही जोडी तळछावणीवर दाढी वाढल्यानंतर पुन्हा बसवून पाहावी लागते.