मनुकांचं शरबत

कोकणातल्या आपल्या खेड्यांत कोशेर वाईन कुठली? बेने इस्राएल घरांत किद्दुश काळ्या मनुकांच्या शरबतावर होई. इथे इस्राएलमध्ये वाईन दुकानोदुकानी मिळते. तरी मी शरबत सोडलं नाही. नर्सच्या नोकरीत पाहिलं, औषधांमुळे वाईन बंद झालेली म्हातारी माणसं पेला नुसता ओठांना लावून पुढे देत. शरबत मात्र नातवापासून आजोबांपर्यंत सगळे पितात.

250 ग्रॅम मनुका धुऊन 3 कप पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी 15 मिनिटं उकळून, कुस्करून मलमलीतून गाळा. किद्दुशपुरतं बाजूला ठेवा. उरलेलं वेलची-दालचिनी घालून आटवा. नव्याच्या सणाला हा पाक सोड्यात घाला, कापलेल्या फळांवर ओता. साखर घातली नाही तरी मनुकांची असतेच, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी दोनच घोट घ्यावेत.