खडा निघाला, पुढे काय?

वैशाखऱ्यात कुणी पोट धरून बसलं की सगळे एकच म्हणतात, "पित्त झालंय." दावतीनंतर रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, पाठीत गेली, खांद्यापर्यंत पोचली, तरी पित्तच. मग लिंबू, आलं, सोडा. माझ्या अम्मीने आणि खालाने अशीच काही वर्षं काढली. शेवटी सोनोग्राफी झाली आणि दोघींच्याही पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं आणि घरात निकाल लागला, "खानदानातच आहे. नसीब."

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे लक्ष आधी शब्दांकडे जातं. उर्दूत नुसतं 'पथरी' म्हटलं तर ती मूत्रपिंडातली की पित्ताशयातली, कळत नाही. मराठीत 'मुतखडा' वेगळा आहे, पण सल्ला दोन्हींना एकच मिळतो, कुळथाचं पाणी प्या. पित्ताशयाचं काम निराळं. यकृत पित्तरस बनवतं, पित्ताशय तो साठवतं. त्यात कोलेस्टेरॉल जास्त झालं की ते विरघळून राहत नाही, कण जमतात, खडा बनतो. हा खडा पाणी पिऊन लघवीवाटे जात नाही.

मग खानदानाचा वाटा किती? स्वीडनमध्ये 43 हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. 2005 साली त्याचा निष्कर्ष आला: त्रास देणाऱ्या खड्यांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक चतुर्थांश. 2007 मध्ये जर्मन संशोधकांना एबीसीजी-8 या जनुकातला एक बदल सापडला. या जनुकापासून यकृतातल्या एका पंपाचा भाग बनतो. हा पंप कोलेस्टेरॉल पित्तरसात ढकलतो. ज्यांच्यात तो बदल आहे, त्यांना खड्यांचा धोका जास्त.

पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की यकृत इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की हाच पंप वाढतो. साखरेचा आजार आणि खडा इथे एकमेकांना भेटतात. डॉक्टर ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, त्याची मुळं इथेच आहेत. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी झालेलं, या पाचांपैकी तीन गोष्टी असल्या की तो आहे असं धरतात.

"आम्ही कुठे जाडे?" असं आपल्याकडे लगेच विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्या नाणेघाटापलीकडच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाला नवजात बाळंही अशीच दिसली, वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी जास्त. म्हणून आपल्यासाठी कमरेची मर्यादा कमी धरतात: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80.

ऑपरेशनने खडे जातात, पित्ताशयही जातं. यकृत तेच राहतं, कमरेचा घेर तोच राहतो. खालाला पुढे साखर निघाली, तेव्हा ती म्हणाली, "खड्याचं तर केव्हाच मिटलं होतं."

आपल्याकडे रिश्ता ठरेपर्यंत मुलीच्या घरातलं आजारपण झाकलं जातं आणि नंतर तेच नसीब म्हणून सांगितलं जातं. खरं तर आईला खडे निघाले ही मुलीला वेळेवर द्यायची खबर आहे. तिने कंबर मोजावी, साखर आणि रक्तदाब तपासावा, रोज चालावं. निकाहाआधी बारीक दिसायला उपाशी राहू नये, कारण वजन झपाट्याने उतरलं तरी खडे होतात. खडा असून त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण कळीबरोबर ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर सोड्याची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक चतुर्थांश खानदानाचं, हे मान्य. बाकीच्या तीन हिश्श्यांत आपलं ताट आहे आणि आपले पाय आहेत.