बोलण्याची परवानगी

'बीजीएमआय' खेळताना मुलगा शिरपूरच्या मित्रांशी अहिराणीत बोलतो. माझ्याशी मात्र प्रमाण मराठीत. परवा त्याला मित्रांचे बोलणे ऐकू येत होते, पण त्याचा आवाज पलीकडे पोहोचत नव्हता. खेळातला माइक सुरू होता, हेडफोनही ठीक होता. नाइलाजाने तो टंकू लागला आणि अहिराणी गळून रोमन लिपीतले तुटक इंग्रजी तेवढे उरले. अखेर दोष फोनच्या सेटिंगमध्ये सापडला: खेळाला माइक वापरण्याची परवानगीच नव्हती. ती मिळताच बोली परतली.

१९५२ साली ग्रंथरूपात आलेली बहिणाबाईंची खानदेशी बोलीतली गाणी आपण वर्गात गौरवाने शिकवतो. पण एखाद्याचे उत्तर अहिराणीत आले की वर्ग हसतो आणि तो गप्प होतो. कंठ शाबूत असतो, परवानगी तेवढी नसते. ती देणे अध्यापकाच्या हाती आहे.